‘हॅव’पासून सावध

स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवणारा कुणीही ‘डू’ आणि ‘डिड’बद्दल तक्रार करील. माद्रिदमध्ये प्रौढांना शिकवताना मला त्याहून जास्त धास्ती वाटते ती ‘हॅव’ची. ‘डू’ चुकलं तर वाक्य कानाला खटकतं, पण अर्थ पोचतो. ‘हॅव’ चुकलं तर वाक्य निर्दोष दिसतं आणि अर्थ बदलून बसतो.

माझ्या वर्गातली एक परिचारिका ब्रिटनमधल्या नोकरीसाठी मुलाखत देत होती. बिल्बाओमध्ये सहा वर्षं काम करून, ती नोकरी सोडून ती माद्रिदला आली होती. स्पॅनिशमध्ये ती सहज म्हणाली असती, ‘ए त्राबाखादो सेइस आन्योस एन बिल्बाओ.’ तेच तिनं इंग्रजीत मांडलं: ‘आय हॅव वर्क्ड इन बिल्बाओ फॉर सिक्स इयर्स.’ ऐकणाऱ्यांना वाटलं, ती अजून तिथंच आहे. तिथून मोकळ्या कधी व्हाल, असा प्रश्न आला. अर्जातल्या तारखा आणि बोलणं जुळेना. एका प्रामाणिक बाईच्या खरेपणावर शंका घेतली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाकडून मी आधी दोन वाक्यं पक्की करून घेते. संपलेल्या नोकरीसाठी ‘आय वर्क्ड’, चालू नोकरीसाठी ‘आय हॅव बीन वर्किंग’. आणि ‘यस्टरडे’, ‘ॲट एट’, ‘इन 2015’ असा सरलेला वेळ वाक्यात आला की ‘हॅव’ला तिथं जागा नाही.

शिक्षकांनी विद्यार्थी कुठला आहे हेही विचारावं. माद्रिदचा माणूस सकाळी आठला केलेल्या न्याहारीबद्दल संध्याकाळीसुद्धा ‘ए देसायुनादो’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत त्याचं ‘हॅव’ जास्त होतं. मेक्सिकोचा माणूस तिथं ‘देसायुने’ म्हणतो. त्याला ‘हॅव’ लवकर सुचतच नाही. दोघांना एकच सराव देऊन भागत नाही.

‘डू’चं दुखणं वेगळं. स्पॅनिशमध्ये काळ आणि पुरुष दोन्ही क्रियापदाच्या शेवटात असतात. ‘विवेस आकी?’ म्हणताना नुसता सूर चढवला की प्रश्न झाला. नकाराला आधी ‘नो’ लावलं की पुरे. (आपणही ‘का’ जोडून मोकळे होतो, त्यामुळे ही अडचण मला आतून कळते.) मग ‘आय नो लिव्ह हिअर’ येतं, आणि ‘डिड’ शिकल्यावर ‘डिड यू वेन्ट’. तक्ते पाठ करून हे सुटत नाही. ‘शी वर्क्स’, ‘डझ शी वर्क’, ‘शी डझन्ट वर्क’ असं एकच वाक्य फिरवत राहावं आणि तो ‘स’ कुठे सरकला ते विद्यार्थ्यालाच शोधू द्यावं. ‘डिड’नं भूतकाळ उचलला की ‘वेन्ट’चं ‘गो’ का होतं, हे मग त्याचं त्यालाच दिसतं. शेक्सपियरच्या काळात इंग्रज लोकही ‘डू’वाचून प्रश्न विचारत, हे मी वर्गात आवर्जून सांगते. त्यानं चेहऱ्यांवरचा ताण उतरतो.

कानाकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ‘आय हॅव’चं आखडून ‘आयव्ह’ झालं की शेवटचा ‘व्ह’ स्पॅनिश कानाला लागत नाही, कारण त्यांच्याकडे शब्द तसे संपत नाहीत. ‘वर्क्ड’चा शेवटचा ‘ट’ही असाच गळतो. ऐकू न आलेलं तोंडी येणार कसं? सुरुवातीचे काही आठवडे ‘आय हॅव’ पूर्ण, सुटंच म्हणून घ्यावं. आखडलेलं रूप नंतर, तेही आधी ऐकवून.