डिकी उघडून बघ

बाळा, तू आता टूरिस्ट गाडी चालवायला घेतोयस. घाटात गाडी कशी उतरवायची, टायर कधी बदलायचा, हे तुला तुझ्या वडिलांनी शिकवलंय. माझं आयुष्य जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिलीत गेलं. म्हणून माझ्या सीनियरनी मला सांगितलेलं आणि मी कोर्टात खरं ठरताना पाहिलेलं तेवढं तुझ्या कानावर घालतो.

हत्यार ज्याचं, गुन्हा त्याचाच, असं समजू नकोस. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ३५ नीट लक्षात ठेव. अनेकांच्या ताब्यातल्या गाडीत बेकायदा हत्यार सापडलं, तर ते तिथे आहे हे ज्याला ज्याला माहीत होतं असं मानायला जागा आहे, तो प्रत्येक जण गुन्हेगार धरला जातो. त्याने एकट्यानेच गुन्हा केलाय, असं समजून. उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. म्हणजे "माझं नाही, मागच्या सीटवरच्या पाहुण्याचं" एवढ्यावर सुटका होत नाही. मात्र ज्याला खरोखर काहीच माहीत नव्हतं, त्याला कायदा वाऱ्यावर सोडत नाही. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सांगून ठेवलंय. आपली सगळी लढाई या माहीत असण्या-नसण्यावर चालते.

शिक्षा किती, ते ऐकून ठेव. विनापरवाना पिस्तूल किंवा गावठी कट्टा बाळगला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड. नुसत्या काडतुसांनाही हीच शिक्षा. गुन्हा अजामीनपात्र. बंदी घातलेल्या जातीचं शस्त्र असेल तर शिक्षा सात वर्षांपासून पुढे चौदापर्यंत. आणि तुझ्या पोटापाण्याची गोष्ट म्हणजे कलम ३२. आरोपी दोषी ठरला, तर ज्या गाडीतून हत्यार नेलं ती गाडीही सरकारजमा करायचा अधिकार कोर्टाला आहे. खटला चालू असताना ती मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी राहते. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर सोडवून आणेपर्यंत कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

परवाना आहे म्हणाले, तरी सांभाळून. परवानाधारक गिऱ्हाईक भेटेल. परवान्यावर त्याचं नाव, शस्त्राचा नंबर, मुदत आणि क्षेत्र लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता परवाना घेऊन सीमा ओलांडता येत नाही. सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या थेट ताब्यात हवं, असं २०१६ चे नियम सांगतात. साहेब जेवायला उतरले आणि म्हणाले, "राहू दे गाडीत, तू आहेस ना", तर नम्रपणे सांग, "साहेब, तेवढं सोबत घेऊन जा." स्वतःचा परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्याचं शस्त्र न्यायचं, तर परवानाधारक हजर हवा किंवा त्याची लेखी परवानगी हवी. तीही दुरुस्ती, नूतनीकरण किंवा त्याच्याच वापरासाठी. तोंडी निरोपावर दुरुस्तीची बंदूक कधी पोहोचवू नकोस. निवडणूक किंवा सणाच्या दिवसांत हत्यारबंदीचे आदेश निघतात, तेव्हा परवान्याचं शस्त्रही अडचणीत आणतं.

भाडं सुटलं की गाडी झाड. सीटखाली हात घाल, डॅशबोर्डचा कप्पा उघड, डिकीत स्टेपनीखालची जागा बघ. नाकाबंदीत पोलीसही याच जागा बघतात. दोन पंच बोलावतात, हत्यार आणि काडतुसं मोजतात, नंबर टिपतात, पाकिटावर लाखेचं सील मारून पंचांच्या सहीची चिठ्ठी लावतात. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. पंचनाम्यात पहिला प्रश्न असतो, वस्तू नेमकी कुठे सापडली? प्रवाशाच्या बॅगेत आणि तुझ्या सीटखाली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून कुणाचं बांधलेलं पार्सल "फक्त पोहोचव" म्हणून घेऊ नकोस. घ्यायचंच तर उघडून बघ, देणाऱ्याचं नाव आणि फोन लिहून ठेव.

हत्यार सापडलंच तर हात लावू नकोस. नाल्यात टाकू नकोस, मित्राकडे ठेवू नकोस, मालकाला परत द्यायला धावू नकोस. गाडी उभी कर, ११२ ला फोन लाव किंवा जवळच्या ठाण्यात जा आणि स्टेशन डायरीत नोंद करायला लाव. भाडं कुठून घेतलं, कोण बसलं होतं, कधी उतरलं, सगळं सांग. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३६ नुसार वाहनावर काम करणाऱ्याने संशयास्पद पेटी-गाठोड्याची खबर देणं हे त्याचं कर्तव्यच आहे. तू आधी दिलेली खबर हाच तुझा सगळ्यात मोठा बचाव.

आणि अटक झालीच तर घाबरून काहीही कबूल करू नकोस. अटकेचं कारण विचार, घरी कळवायला सांग, न वाचता कशावर सही करू नकोस. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तुला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. वकिलाचे पैसे नसले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अटकेतल्या माणसाला मोफत वकील देतं. तिथे मागायला लाज वाटू देऊ नकोस, तो तुझा हक्क आहे.