रेडिएटरमध्ये बाटली ओतली की इंजिन थंड राहतं का?

प्रश्न : आमची डिझेल जीप जुनी आहे. राणीसावरगाव ते गंगाखेड रोजचं जाणं-येणं असतं. हिवाळ्यात काही त्रास नाही, पण एप्रिल लागला की भरल्या गाडीचा काटा चढावर वर सरकतो. दुकानात एक छोटी बाटली दाखवली. कूलंटमध्ये मिसळली की इंजिन दहा-पंधरा अंशांनी थंड राहतं, असं तिच्यावर लिहिलं आहे. आमचे मिस्त्री म्हणतात, पैसे वाया जातील. खरं काय?
– एक वाचक, राणीसावरगाव (ता. गंगाखेड, जि. परभणी)

उत्तर : मिस्त्रींचं ऐका. बाटलीतलं द्रव्य निव्वळ रंगीत पाणी असतं असं नाही. त्यामागे शास्त्र आहे, पण ते तुमच्या गाडीच्या दुखण्यावरचं नाही.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकं फिरवायला कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली कूलंटच्या वाट्याला येते. इंजिनातल्या सगळ्यात तापणाऱ्या जागा म्हणजे सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूचा भाग. तिथून वाहणारं पाणी एकूण नव्वद अंशांवर असलं, तरी धातूला चिकटून असलेला त्याचा पातळ थर उकळतो आणि बारीक बुडबुडे सुटतात. हे बुडबुडे इंजिनाचे मित्रच असतात, कारण उकळताना पाणी खूप उष्णता उचलतं. पण ते भिंतीलाच चिकटून राहिले आणि वाफेचा पडदा तयार झाला, तर पाणी धातूपर्यंत पोहोचतच नाही आणि तेवढा भाग भाजून निघतो.

बाटलीतल्या औषधात साबणाच्या जातीची द्रव्यं असतात. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे पाणी धातूला नीट भिडतं आणि बुडबुडे लवकर सुटतात. याचा खरा उपयोग शर्यतीच्या गाड्यांना होतो. अनेक रेस ट्रॅकवर ग्लायकॉलवालं कूलंट चालत नाही, कारण ते सांडलं तर रस्ता निसरडा होतो आणि लवकर वाळत नाही. मग त्या गाड्या नुसत्या पाण्यावर धावतात. पाण्यात असं औषध घातलं की थोडी उष्णता जास्त उचलली जाते आणि गंजापासूनही बचाव होतो. तुमच्या गाडीत कूलंट असेल, तर त्यातल्या ग्लायकॉलमुळे पृष्ठताण आधीच बराच उतरलेला असतो आणि गंजरोधक द्रव्यंही घातलेली असतात. त्यामुळे बाटलीला करण्यासारखं फार काही उरत नाही.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. इंजिनातून उचललेली उष्णता शेवटी बाहेरच्या हवेतच सोडावी लागते आणि ते काम रेडिएटरच्या जाळीचं. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा शेतातून गाड्या कितीही लवकर भरून पाठवल्या तरी गाळप वाढत नाही. तसंच इथे आहे. बाटली फार तर शेतातली भरणी थोडी लवकर करील, अडलेलं गेट तिला उघडता येणार नाही.

आता तुमचा एप्रिल पाहू. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे त्यातलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या तफावतीवर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आहे असं धरा. हिवाळ्यात दुपारी हवा २९ अंश असेल तर तफावत ६६ अंशांची. उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यात पारा ४४ वर जातो, तेव्हा ती ५१ उरते. म्हणजे गाडीत काहीही बिघाड नसताना रेडिएटरची ताकद जवळपास २३ टक्क्यांनी घटली. त्यात गाडी भरलेली, बालाघाटच्या डोंगरातला चढ, खालचा गिअर आणि एसी असेल तर रेडिएटरच्या पुढ्यात त्याची गरम जाळी. तब्येतीने धड असलेली गाडी एवढं सोसते, कारण कंपनीने थोडी ताकद राखून ठेवलेली असते. तुमच्या गाडीची ती राखीव ताकद कुठेतरी खर्ची पडली आहे. ती कुठे गेली, हे शोधणं हाच इलाज.

प्रश्न : पण बाटली घातल्यावर काटा खरंच खाली आला, असं सांगणारे लोक भेटतात. ते खोटं बोलतात का?

उत्तर : खोटं बोलत नाहीत. पण बाटली ओतण्याआधी काय केलं, ते त्यांना विचारा. बहुतेकांनी जुनं गढूळ पाणी काढलेलं असतं, रेडिएटर धुतलेला असतो, नवं कूलंट भरलेलं असतं आणि पाइपांत अडकलेली हवा काढलेली असते. गुण येतो तो या कामांचा, नाव होतं बाटलीचं.

काट्यावरही डोळे झाकून विसंबू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात पाणी कुठेही असलं तरी तो मधोमधच दिसतो. अशा गाडीचं खरं तापमान स्कॅनर लावल्यावर कळतं. शिवाय निरोगी गाडीत तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. तो बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. पाणी त्याहून थंड झालं की तो वाट आवळतो आणि इंजिन पुन्हा त्याच पातळीला आणून ठेवतो. त्यामुळे रेडिएटरमध्ये ताकद शिल्लक असलेल्या गाडीचं तापमान कोणतंही औषध पंधरा अंशांनी खाली आणूच शकत नाही.

प्रश्न : मग थर्मोस्टॅटच काढून टाकला तर? आमच्याकडे पुष्कळ जण काढतात.

उत्तर : काढू नका. थर्मोस्टॅट बंदच्या बंद अडकला तर गाडी तापते हे खरं, पण त्यावर नवा बसवणं हाच उपाय आहे. तो नसला की इंजिन सकाळी फार उशिरा गरम होतं, डिझेल नीट जळत नाही, तेल लवकर खराब होतं आणि सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी कोणत्या वाटेने फिरायचं हेही थर्मोस्टॅटच ठरवतो. तिथे तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरत राहतं आणि गाडी आणखी तापते.

प्रश्न : कूलंटपेक्षा साधं पाणीच जास्त थंड ठेवतं, असंही ऐकलं आहे.

उत्तर : उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारं स्वस्त द्रव्य दुसरं नाही, हे खरं आहे. निम्मं पाणी आणि निम्मं एथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण केलं, तर ते लिटरमागे साधारण दहा टक्के कमी उष्णता नेतं आणि त्याची उष्णतावहनाची क्षमता पाण्यापेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी कमी असते. मग कूलंट घालायचं कशाला? एक कारण उकळण्याचं. झाकण सुमारे एक बारचा दाब धरून ठेवतं, तेव्हा पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाला १२९ पर्यंत उसंत मिळते. चढावर हे आठ-नऊ अंश फार मोलाचे ठरतात. दुसरं आणि आपल्या भागात जास्त महत्त्वाचं कारण म्हणजे गंज आणि क्षार.

बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आत बसतो. हा थर बिडाच्या धातूपेक्षा वीस-पंचवीस पटींनी कमी उष्णता जाऊ देतो. म्हणजे एक मिलिमीटर क्षार साठला, तर पाणी आणि सिलिंडर यांच्यामध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचं बीड आडवं घातल्यासारखं होतं. वर्षानुवर्षं हापशाचं आणि बोअरचं पाणी ओतलेल्या जुन्या जीपमध्ये राखीव ताकद इथेच खर्ची पडलेली असते.

म्हणून आयएस ५७५९ या भारतीय मानकाचं आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचं कूलंट घ्या. तयार मिश्रण मिळालं तर उत्तम. दाट कूलंट घेतलं, तर त्यात बॅटरीला घालतो ते डिस्टिल्ड पाणी पुस्तिकेतल्या प्रमाणात मिसळा. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हे रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देते. दोन जातींची कूलंटं एकत्र केली, तर त्यांतली गंजरोधक द्रव्यं निकामी होऊ शकतात आणि कधी गाळही धरतो.

प्रश्न : तर मग बाटलीचे पैसे कुठे खर्च करू?

उत्तर : या क्रमाने जा. गाडी पूर्ण थंड असतानाच हात घाला.

आधी जाळी. समोरून स्वच्छ दिसली तरी टॉर्च लावून मागच्या बाजूने पाहा. एसी असेल तर त्याची जाळी आणि रेडिएटर यांच्या फटीत कापसाचे तंतू, किडे आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा यांचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. तो काढायचा तर पाण्याची हलकी धार इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा. धुलाई सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की पातळ पत्रे दुमडतात आणि हवेची वाट कायमची बुजते.

मग झाकण. उलटं करून बघा. स्प्रिंगखालचं रबर चिरलेलं, कडक झालेलं किंवा दबून सपाट झालेलं असेल, तर ते दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. मधोमध एक छोटी चकती असते. ती नखाने उचलून सोडली की चटकन परत बसायला हवी, कारण गाडी गार होताना डब्यातलं कूलंट तिच्यातूनच रेडिएटरमध्ये परत येतं. झाकण बदलताना आकड्याने तेवढ्याच दाबाचं घ्या. जास्त दाबाचं बसवलं तर जुने पाइप फुटतात.

त्यानंतर फॅन. बेल्ट ढिला आहे का, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच काढून टाकलेलं तर नाही ना, ते पाहा. कवच नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो वेळेवर सुरू होतो का, ते तपासा.

शेवटी आतलं काम. कूलंट तांबूस किंवा गढूळ असेल तर सगळं काढून यंत्रणा धुऊन घ्या. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर तो उघडून त्याच्या नळ्यांत रॉड मारून क्षार काढता येतो. हे सगळं करूनही पाणी कमी होत राहिलं, डब्यात बुडबुडे दिसले किंवा तेल दुधाळ झालं, तर हेड गॅस्केट तपासायला सांगा. तिथे बाटलीही चालत नाही आणि हळदही.

हळदीचा उल्लेख मुद्दाम केला. गळका रेडिएटर हळदीने बुजवायची युक्ती आपल्याकडे जुनी आहे आणि वाटेत अडकलेल्या माणसाला ती घरापर्यंत आणतेही. पण हळद काय किंवा गळती थांबवणारी पावडर काय, ती फक्त भोकातच जाऊन बसत नाही. अरुंद नळ्याही बुजवते. वापरावी लागलीच, तर घरी आल्यावर रेडिएटर दुरुस्त करून सगळी यंत्रणा धुऊन घ्या.

प्रश्न : आणि चढावरच काटा लाल रेषेकडे गेला तर?

उत्तर : एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर आणि पंखा मोठ्यात मोठ्या वेगावर ठेवा. तो छोटा रेडिएटरच आहे. भर उन्हाळ्यात नको वाटेल, पण इंजिन वाचेल. बोरघाटात सुट्टीच्या दिवशी रांगेत अडकून गाड्या तापतात, तिथेही हाच उपाय. तरी काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर कडेला थांबून इंजिन बंद करा. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. दाबाखालचं शंभर अंशांच्या वरचं पाणी झाकण ढिलं होताच उसळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही टाळा, हेडला तडा जातो.

एक सूचना सगळ्यांसाठी. एथिलीन ग्लायकॉल गोड आणि विषारी असतं. सुमारे शंभर मिलिलिटर पोटात गेलं तरी धडधाकट माणूस दगावू शकतो. कुत्री आणि वासरं ते गोडीने चाटतात. काढलेलं कूलंट नालीत, उकिरड्यावर किंवा गोठ्याजवळ टाकू नका. डब्यात घट्ट बंद करून गॅरेजमध्ये द्या आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत तर कधीच ठेवू नका.

बाटली विकत घेण्याला कायद्याची मनाई नाही आणि चांगल्या कंपनीची असेल तर सहसा नुकसानही होणार नाही. तिचा खरा तोटा वेगळा आहे. ती घातली की इलाज झाला असं वाटतं, आणि बुजलेली जाळी किंवा चिरलेलं झाकण तसंच राहून मे महिन्यात हेड वाकतं. जाळी धुणं, नवं झाकण आणि योग्य कूलंट यांचा खर्च हेडच्या कामापुढे किरकोळ आहे. पाडव्याच्या आधी हे उरकून घ्या.