दातेरी चाकांची देवघेव

कृष्णाकाठचा ऊस तोडणीस आला म्हणजे पूर्वी कराडपासून वाळव्यापर्यंत गावोगावी गुऱ्हाळे लागत. थंडीच्या रात्री चुलवणाचा उजेड दूरवरून दिसे आणि उकळत्या रसाचा वास वाऱ्याबरोबर येई. रस काढणारा चरक बैल ओढीत. मधोमध लोखंडाचे जाड रूळ उभे असत. त्यांतील एका रुळाच्या माथ्यावर लांब आडवे लाकूड बसविलेले असे, आणि त्याच्या टोकाला जुंपलेले बैल संथपणे गोल फिरत. रुळांच्या डोक्यावरील दातेरी चाके एकमेकांत अडकलेली असल्यामुळे एक रूळ फिरला की शेजारचे रूळही फिरत.

कांडे दोन हातांनी पिळून पाहा, रसाचा थेंबही निघणार नाही. मग बैलांच्या साध्या चालीने त्याचा चोथा कसा होत असे? थोडा हिशेब करू. बैल रुळाच्या मध्यापासून ३ मीटर अंतरावर चालत आहेत असे धरा. एका फेऱ्यात ते सुमारे १९ मीटर चालतील. रुळाची त्रिज्या १५ सेंटीमीटर असेल, तर तेवढ्या वेळात रुळाची कड एक मीटरही सरकणार नाही. बैलांची चाल विसांशावर आली, परंतु उसावरचा दाब, घर्षणात जाईल तो सोडून, जवळजवळ वीसपट झाला. यंत्रांच्या बाजारात अशीच देवघेव चालते. जोर हवा असेल तर वेग द्यावा लागतो, आणि वेग हवा असेल तर जोर.

लांब लाकडाने जे साधते, तेच दातेरी चाके थोड्या जागेत साधतात. दहा दात्यांच्या चाकाने चाळीस दात्यांचे चाक फिरविले, तर लहान चाकाच्या चार फेऱ्यांत मोठ्याचा एकच फेरा होतो. वेग चौथाई, जोर चौपट.

हे ज्ञान आपल्या भागात कारखान्यांच्या रूपाने आले. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कुंडलच्या माळावर, औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेत, आपला कारखाना उभारला. आज सांगली जिल्ह्यात असलेली ती वस्ती म्हणजे किर्लोस्करवाडी. तेथून लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि उसाचे चरक शेतकऱ्यांच्या घरी गेले. सातारा जिल्ह्यात सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ साली निघाला, आणि पुढे तेथे डिझेल इंजिने बनू लागली. इंजिनाचे चाक मिनिटाला शेकडो फेरे घेते. रुळाला एवढी घाई चालत नाही. म्हणून मध्ये पट्टा व दातेरी चाके घालून वेग उतरवावा लागला.

या बदलात एक धोका आला. बैल हाकणारा गडी ओरड ऐकली की बैल थांबवीत असे. इंजिन ओरड ऐकत नाही. चरकात हात सापडून माणसे कायमची अधू झाल्याच्या घटना घडत. वेग उतरवून जोर वाढविलेले यंत्र समोरचा ऊस आहे की माणसाचा हात, हे जाणत नाही, आणि बाहेरून कितीही ढकलले तरी ते मागे फिरत नाही.

आता यंत्रमानवाकडे वळू. पुण्याजवळ चाकण येथील मोटारींच्या कारखान्यांत यंत्राचे हात पत्रे जोडण्याचे काम करतात. त्या हातालाही खांदा, कोपर व मनगट असते, आणि सांध्यांत विजेच्या मोटारी असतात. मोटार मिनिटाला ३००० फेरे घेत असेल आणि मधल्या चाकांनी तिचा वेग शंभरपट उतरविला, तर सांध्याला मिनिटाला ३० फेरे मिळतील. जड वस्तू उचलण्यास हे ठीक. पण वस्तू खाली ठेवून रिकामा हात परत आणतानाही तोच मंद वेग! शिवाय चरकासारखाच असा सांधा हट्टी. वाटेत माणूस आला आणि त्याने ढकलले, तरी तो सहजासहजी मागे सरत नाही.

यावर उपाय कोणता? वाईहून पाचगणीला जाणाऱ्या बसमध्ये बसून पाहा. पसरणीचा घाट चढताना चालक खालचा गिअर टाकतो, तेव्हा वेग उतरतो आणि जोर वाढतो. सपाटी येताच तो वरचा गिअर टाकतो. हिला गिअरच नाहीत असे ज्या स्कूटरविषयी म्हणतात, तिचे प्रमाण तर आपोआप बदलत असते. तिच्यात दोन कप्प्यांवरून एक पट्टा फिरतो. कप्पीच्या दोन उतरत्या तबकड्या जवळ आल्या की पट्टा कडेकडे चढतो, दूर गेल्या की आत उतरतो. तिला बिनगिअरची म्हणणे म्हणजे तिच्यावर अन्यायच आहे.

सांध्यातही असा बदलता गिअर बसविला, तर ओझे असताना जोर, रिकाम्या हाताला वेग, आणि माणूस जवळ असताना ढकलल्यास मागे सरण्याचा मऊपणा मिळू शकेल. परंतु बसमध्ये गिअरपेटीला जागा भरपूर. कोपरात ती मुठीएवढीच. पेटीचे वजन खांद्यालाच उचलावे लागते. दात्यांमधील ढिलाई हे आणखी एक संकट. खांद्यात अंशाचा एक दशांश एवढी ढिलाई असली, तरी एक मीटर लांब हाताचे टोक पावणेदोन मिलिमीटर हलते. टाके घालणाऱ्या यंत्राला एवढी चूक परवडणार नाही. म्हणून अभियंते या कोड्यावर अजून झटत आहेत.

एका ठिकाणी मात्र ही युक्ती माणसाच्या अंगालाच लागली आहे. विजेवर चालणाऱ्या काही कृत्रिम हातांत दोन गिअर असतात. पंजा मिटू लागतो तेव्हा बोटे वेगाने जवळ येतात, कारण हवेला जोर लागत नाही. बोटे वस्तूला टेकताच गिअर आपोआप बदलतो, वेग कमी होतो आणि पकड घट्ट होते. एकच लहानशी मोटार दोन्ही कामे करते. ज्याचा हात यंत्रात गेला, तो अशा पंजाने पाण्याने भरलेला तांब्या उचलून ओठांशी नेऊ शकतो.