जुन्या मालमोटारीची नाडीपरीक्षा

देवणी हें नांव उच्चारतांच बहुतेकांस प्रथम आठवतो तो येथील बैल. पांढराशुभ्र बालंक्या, तोंडावर काळी झांक असलेला वानेरा आणि अंगभर काळे ठिपके मिरविणारा शेवरा, ह्यांची पारख आमच्या भागांतील लहान मुलासही असते. असा बैल एखाद्या सकाळीं दावणीला सुस्त उभा दिसला, तर घरांतील वडील माणूस लगेच औषध पाजावयास धांवत नाहीं. त्यानें रात्रीं काय खाल्लें, पाणी किती प्याला, रवंथ करितो कीं नाहीं, हें तो आधीं पाहतो. परंतु त्याच घरची जुनी मालमोटार सकाळीं चालू झाली नाहीं, म्हणजे ही शहाणी रीत कोठें जाते कोण जाणे! कोणी म्हणतो बॅटरी बदला, कोणी म्हणतो पंप उतरवा; आणि हजारों रुपयांचें सामान बदलूनही गाडी जागची हालत नाहीं. तुरीचीं पोतीं भरून पहाटे उदगीरच्या आडतीवर निघालेल्या शेतकऱ्याचा अशा वेळीं दिवसही जातो व पैसाही जातो. म्हणून बैलाची रीत गाडीस कशी लावावी, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्याकडील जुन्या लहान मालगाड्या बहुधा डीझेलवर चालणाऱ्या आहेत. टाटा कंपनीची टाटामोबाइल ही गाडी १९८८ सालीं निघाली. तिच्या वंशांतल्या व महिंद्रा कंपनीच्या जुन्या पिकअप गाड्या आजही खेड्यांतून धांवतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांनुसार बनलेल्या गाड्यांत तेल सोडण्याचें काम संगणकाकडे असतें. तिचा रोग ओळखण्यास निराळें उपकरण लागतें. जुन्या गाडीस मात्र डोळे, कान व दोन पाने पुरतात.

विद्यार्थ्यांनो, सायकलमध्यें जोरानें हवा भरतांना पंपाचें बूड तापलेलें तुम्हीं अनुभविलें असेल. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन यंत्रज्ञानें हाच गुण कामास लावून १८९७ सालीं आपलें यशस्वी एंजिन सिद्ध केलें. सिलिंडरमधील हवा दट्ट्यानें मूळच्या सुमारें एकविसांश जागेंत दाबली, म्हणजे तिची उष्णता ५०० अंश सेंटिग्रेडच्याही वर जाते. तींत तेलाचा बारीक फवारा सोडला कीं तो आपोआप पेटतो. ठिणगीची गरजच नाहीं. पुण्याची किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली. तिच्यासारख्या कारखान्यांचीं जीं डीझेल एंजिनें विहिरींवर बसलीं, त्यांचेंही तत्त्व हेंच. तेव्हां एंजिनास हवें तें इतकेंच: तें पुरेशा वेगानें फिरलें पाहिजे, आंतील हवा तापली पाहिजे आणि तेल वेळेवर व निर्मळ पोंचलें पाहिजे. ह्या तिहींपैकीं काय उणें आहे तें कळेपर्यंत कोणताही भाग बदलूं नये.

आरंभीं गाडी सपाट जागीं, उघड्यावर असावी. गिअर मोकळा, हातब्रेक ओढलेला व चाकास दगड लावलेला असावा. बंद छपराखालीं एंजिन चालवून पाहणें धोक्याचें आहे, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो आणि तो नकळत प्राण घेतो.

आतां पहिला प्रश्न: एंजिन फिरतें का? पुढचे दिवे लावा व सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार सांचला आहे. दिवे तसेच प्रखर राहून नुसता ‘टक्’ असा आवाज झाला, तर दोष सेल्फकडे किंवा त्याच्या सोलेनॉइडकडे आहे. रात्रभर स्वस्थ राहिलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास भरतो. १२ च्या खालीं आला, तर ती जवळजवळ रिकामी समजावी. पण नवी बॅटरी आणण्यापूर्वीं टोकें सोडून गरम पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावीं, आणि एंजिनापासून सांगाड्यास गेलेली अर्थिंगची पट्टी घट्ट आहे का तें पाहावें. ती गंजली असतां उत्तम बॅटरीही दुबळी भासते.

एंजिन चांगलें फिरतें, पण पेटत नाहीं, तर दुसरा प्रश्न विचारावा: सेल्फ मारतांना मागच्या नळींतून धूर येतो का? ही खूण फार मोलाची असून पुष्कळजण तिकडे पाहतच नाहींत. पांढरा धूर येत असेल, तर तेल आंत पोंचतें आहे, परंतु जळत नाहीं. म्हणजे हवा तापण्यांत उणीव आहे. ज्या एंजिनास हीटर प्लग आहेत, त्यांचे प्लग तपासावे. प्लगची तार सोडून बॅटरीच्या धन टोकापासून १२ व्होल्टच्या दिव्यांतून जोड द्यावा. दिवा लागला तर प्लग शाबूत, न लागला तर तो गेला. हिंवाळ्याच्या पहांटे चारांपैकीं दोन गेलेले असले, तरी गाडी हट्ट धरते. हवेच्या तोंडाशीं पेटता बोळा धरण्याची वाईट चाल कोठें कोठें आहे. त्यानें गाड्या व हात दोन्ही जळतात.

धूर मुळींच येत नसेल, तर तेल पोंचत नाहीं. प्रथम किल्ली फिरवून पंपावरील बंद-सोलेनॉइडचा बारीक ‘टिक्’ ऐकावा. तो नसेल, तर तेलाचें दार उघडलेंच नाहीं, आणि दोष बहुधा एखाद्या तारेचा किंवा फ्यूजचा निघतो. तो आवाज ठीक असेल, तर संशय हवेवर घ्यावा. मिस्त्री ज्याला ‘गाडीनें एअर घेतली’ म्हणतात, तो रोग हाच.

ह्या रोगाची गंमत अशी कीं, तो डोळ्यांस फसवितो. टांकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळींत तेल ओढलें जातें, ढकललें जात नाहीं. त्यामुळें तेथील रबरी नळीस बारीक चीर गेली, तर तेल बाहेर ठिबकत नाहीं. उलट बाहेरची हवा आंत शिरते. जमीन कोरडी, नळी कोरडी, मग गळती कोठली, असें मालक म्हणतो, आणि तें वरवर बरोबरही दिसतें! रात्रभरांत त्या चिरेंतून हवा शिरून तेल हळूहळू टांकींत उतरतें. म्हणून सायंकाळीं सुरळीत चाललेली गाडी सकाळीं रुसते. दबणारी हवा पंपांत आली कीं फवाऱ्यास लागणारा शंभर-दोनशें पट दाब उत्पन्नच होत नाहीं. परीक्षा सोपी आहे. फिल्टरच्या आधीं वीतभर पारदर्शक नळी जोडावी व हातपंप चालवावा. बुडबुडे दिसले कीं चोर सांपडला. मग टांकीकडून एकेक सांधा पाहत यावें, जुनी नळी व क्लिप बदलावी, फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करून निव्वळ तेल येईपर्यंत हातपंप मारावा आणि स्क्रू आंवळावा. कित्येकदां पंपाच्या दुरुस्तीस दिलेला पैसा ह्या एका नळीपायीं वायां जातो.

पाण्याचाही असाच उपद्रव होतो. पावसाळ्यांत उघड्या कॅनमधून डीझेल आणून ओतणाऱ्यांस तो अधिक भोगावा लागतो. पाणी तेलाहून जड असल्यामुळें फिल्टरच्या तळाशीं बसतें. तेथील स्क्रू सैल करून कांचेच्या बाटलींत थोडें तेल घेतलें, तर दोन थर स्पष्ट दिसतात.

गाडी चालू होते, पण थरथरते व ‘मिसिंग’ करते, तेव्हां कोणता सिलिंडर काम चुकवितो तें शोधावें. एंजिन मंद चालूं द्यावें आणि एकेका नोझलच्या नळीचें नट अर्धा आटा सैल करून पुन्हा आंवळावें. निरोगी सिलिंडरचें नट सैल करतांच एंजिनाचा आवाज बदलतो; ज्याचें सैल करूनही आवाज बदलत नाहीं, तोच आळशी. हें काम मोठ्या माणसानेंच, वर जाड फडकें टाकून व डोळ्यांस चष्मा लावून करावें. दाबाखालील तेलाची धार कातडी भेदून शरीरांत शिरते, आणि तशी इजा बारीक दिसली तरी तत्काळ रुग्णालयांत जावें लागतें. धुराचा रंगही येथें बोलतो. काळा धूर हवा कमी पडल्याचा, मग खळ्यावरील भुश्यानें भरलेलें एअर फिल्टर झटकावें. निळा वंगण जळत असल्याचा. आणि एंजिन तापल्यावरही पांढरा राहून रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा.

पेट्रोलच्या जुन्या जीपगाड्यांस, ज्यांची जुळणी महिंद्रांनीं मुंबईंत सुरू केली, ठिणगी लागते. म्हणून तेथें प्लगवरील काजळी व कार्ब्युरेटरमधील कचरा हे दोन प्रश्न वाढतात.

इतकें पाहूनही गाडी चालली नाहीं, तर पंप व नोझल शेतांत उघडूं नयेत. त्यांचे भाग केंसाहून बारीक मापानें बसविलेले असतात आणि त्यांची परीक्षा चाचणीयंत्रावरच होते. मिस्त्रीकडे जातांना मात्र कागदावर लिहून न्यावें: एंजिन कसें फिरलें, धूर कोणत्या रंगाचा आला, सोलेनॉइड वाजला कीं नाहीं, नळींत बुडबुडे होते का, आणि कोणत्या क्रमांकाच्या सिलिंडरनें आवाज बदलला नाहीं.