घटक ५ : डिजिटल बँकव्यवहार आणि उत्पन्नातील विषमता

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• डिजिटल तंत्रामुळे बँकव्यवहाराचा खर्च का घटतो, हे स्पष्ट करता येईल.
• ‘खाते असणे’ आणि ‘खाते स्वतः वापरता येणे’ यांतील फरक सोदाहरण सांगता येईल.
• या तंत्राचा उत्पन्नातील विषमतेवर कोणकोणत्या मार्गांनी परिणाम होतो, याचे विवेचन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँकेची शाखा ग्रामीण भागात नेण्याचे धोरण आकारास आले. त्यानंतर सुमारे चार दशकांनी धोरणाचा भर शाखेकडून खात्याकडे वळला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधार क्रमांकाच्या वाटपास प्रारंभ झाला. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना आणि २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. २०२३ मध्ये जनधन खात्यांची संख्या ५० कोटींवर गेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक खाती स्त्रियांची आहेत. खाती एवढ्या वेगाने वाढली, म्हणून उत्पन्नातील अंतरही त्याच वेगाने कमी होईल काय, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ व्यवहार-खर्चातील घट

शंभर रुपये भरून घेण्यास बँकेच्या कर्मचाऱ्याला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच वेळ पन्नास हजार रुपये भरून घेण्यासही लागतो. त्यामुळे लहान ठेवीदार बँकेला महाग पडे आणि तो सावकार, भिशी किंवा पतसंस्था यांच्याकडे वळे. संगणकीकरणाने, विशेषतः कोअर बँकिंगने, ही स्थिती बदलली. एकदा यंत्रणा उभी राहिली की एका जादा व्यवहाराचा खर्च नगण्य होतो.

ग्राहकाचाही खर्च विचारात घ्यावा लागतो. समजा, एका शेतमजूर स्त्रीस तालुक्याच्या शाखेतून १,००० रुपये काढायचे आहेत. तिची दिवसाची ४०० रुपये मजुरी बुडते आणि एसटीला ६० रुपये लागतात. म्हणजे १,००० रुपयांसाठी ४६० रुपये, अर्थात ४६ टक्के खर्च झाला. तेवढाच खर्च करून २०,००० रुपये काढणाऱ्यास तो २.३ टक्केच पडतो. व्यवहार-खर्चाचा भार गरिबांवर अधिक असतो, तो असा. गावातच बँक मित्राकडे पैसे मिळू लागले, तर सर्वाधिक बचत तिची होते. विषमता कमी करण्याचे डिजिटल तंत्राचे मुख्य सामर्थ्य येथे आहे.

५.२.२ खाते, फोन आणि वापर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) यातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांविषयीचे पुढील आकडे पाहा :
• स्वतः वापरत असलेले बँक खाते – ७८.६ टक्के
• स्वतः वापरत असलेला मोबाइल फोन – ५४.० टक्के
• कधीतरी इंटरनेट वापरलेल्या – ३३.३ टक्के (पुरुष ५७.१ टक्के)

खात्यापासून इंटरनेटपर्यंत जाताना प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. महाराष्ट्रात २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे मासिक १,५०० रुपये आधार-संलग्न खात्यात थेट जमा होऊ लागले. मध्यस्थ गळतो, हा थेट हस्तांतरणाचा लाभ खराच. परंतु जमा झाल्याचा संदेश आणि ओटीपी पतीच्या किंवा मुलाच्या फोनवर जात असेल, तर खाते तिच्या नावावर आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती उद्भवते. कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेल्या व्यक्तींना यंत्रापुढे येणारी अडचणही याच प्रकारची आहे. ज्यांना तंत्राची गरज अधिक, त्यांनाच ते वापरणे कठीण जाते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : वरील उदाहरणातील मजूर स्त्रीने ५०० रुपये काढले, तर तिचा खर्च शेकडा किती पडेल?

५.२.३ उत्पन्नावरील परिणाम

(अ) विषमता कमी करणारे परिणाम : १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले. त्यामुळे भाजीविक्रेत्यालाही क्यूआर कोड ठेवणे परवडते. व्यवहारांची नोंद राहिल्याने त्याची पत दाखवता येते. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना प्रथम १०,००० रुपयांपर्यंत आणि वेळेवर परतफेड केल्यास पुढे अधिक कर्ज देण्याची तरतूद करण्यात आली.

(आ) विषमता वाढवणारे परिणाम : पहिला परिणाम रोजगारावर होतो. रोख मोजणे, नोंदी करणे ही कामे घटतात. संगणकप्रणाली व माहिती-विश्लेषण जाणणाऱ्यांची मागणी व वेतन वाढते. दुसरा परिणाम मालमत्तेवर होतो. घरबसल्या समभाग घेण्याची सोय सर्वांना सारखीच आहे. परतावा मात्र ज्याच्याकडे शिल्लक आहे त्यालाच मिळतो. तिसरा परिणाम कर्जावर होतो. मोबाइलवरील तात्काळ कर्ज गरजूला सहज मिळते, पण व्याज आणि छुपे शुल्क त्याचे उत्पन्न खाते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात देणे आणि एकूण वार्षिक दर आधी सांगणे बंधनकारक केले.

५.३ सारांश

डिजिटल तंत्र बँकसेवेची किंमत कमी करते, पण त्यामुळे उत्पन्न आपोआप वाढत नाही. जमीन, शिक्षण, रोजगार यांतील विषमता कायम राहिली, तर त्या विषमतेवरच नवी सोय उभी राहते. म्हणून वित्तीय समावेशनाचे मोजमाप उघडलेल्या खात्यांवरून न करता, खातेदार ते स्वतः किती वापरतो आणि त्याच्या हाती काय उरते, यावरून करणे अधिक योग्य ठरते.

५.४ पारिभाषिक शब्द

व्यवहार-खर्च : व्यवहार पूर्ण करण्यासाठी लागणारा पैसा, वेळ व श्रम.
वित्तीय समावेशन : दुर्बल घटकांना परवडणाऱ्या दरात बँकसेवा मिळणे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नाचे उत्तर

९२ टक्के.

५.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘डिजिटल बँकव्यवहारामुळे विषमता कमी होते’ या विधानाचे परीक्षण करा.
२. आपल्या परिसरातील दहा खातेदार स्त्रियांना भेटा. खात्याशी जोडलेला फोन कोणाकडे असतो आणि पैसे काढण्याचा निर्णय कोण घेते, याची नावे न लिहिता नोंद करा व निष्कर्ष मांडा.