छोट्या मानवरहित हायड्रोफॉइल बोटीची आखणी

इटलीच्या एनरिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर आपली हायड्रोफॉइल बोट पाण्यातल्या पंखांवर (फॉइलवर) उचलून चालवली. त्याच तत्त्वावर रिमोटवर चालणारी छोटी बोट बनवता येते. मात्र आखणीची सुरुवात आकारापासून नव्हे, वजनापासून करावी. येथे ६ किलोची, गोड्या, शांत पाण्यात चालणारी बोट धरली आहे.

१. वजन व वेग ठरवा. बॅटरी, मोटर, फॉइल सगळे धरून वजन काढा. ६ किलो म्हणजे सुमारे ५९ न्यूटन. उचलण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर ठेवा.

२. क्षेत्रफळ काढा. वजनाला (½ × पाण्याची घनता × वेगाचा वर्ग × उचल गुणांक) याने भागा. घनता १००० आणि गुणांक ०.६ घेतल्यास सुमारे २२० चौरस सेंटिमीटर येतात.

३. विभागणी करा. पुढचे फॉइल २८ × ५ सें.मी., मागचे २० × ४ सें.मी. दोन्हींत ८० सें.मी. अंतर ठेवा. गुरुत्वमध्य पुढच्या फॉइलच्या २४ सें.मी. मागे आणा, म्हणजे ७० टक्के भार पुढे येतो. क्षेत्रफळाच्या मानाने पुढचा भार जास्त असल्याने नाक स्थिर राहते. बॅटरी पुढेमागे सरकवता येईल अशी बसवा.

४. 'व्ही' आकार द्या. फॉइलची टोके बोटीच्या तळाच्या पातळीत ठेवा. वरची मापे वरून दिसणाऱ्या रुंदीची आहेत. वेग वाढला की टोके पाण्याबाहेर येतात आणि भिजलेले क्षेत्रफळ घटते. सेकंदाला ५ मीटर वेगाला सुमारे ८० चौरस सेंटिमीटर पुरतात. त्यामुळे उंची आपोआप राखली जाते, सेन्सर लागत नाही.

५. हवा अडवा. वरून हवा फॉइलवर ओढली गेली की उचल अचानक तुटते. ती रोखण्यासाठी फॉइलवर प्रवाहाच्या दिशेने पातळ उभ्या पट्ट्या चिकटवा.

६. प्रोपेलर खाली न्या. बोट वर आल्यावरही तो बुडालेला राहिला पाहिजे. मोटरची ताकद उचलण्याआधीच्या टप्प्यासाठी निवडा, कारण तिथे ओढ फार वाढते.

७. आधी ओढून पाहा. मोटर सुरू न करता दोरीने ओढा. नाक जास्त उचलले जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा.

८. सिग्नल तुटताच मोटर बंद होईल अशी सोय करा. फॉइलची कडा धारदार असते. पोहणारे असलेल्या पाण्यात बोट कधीही सोडू नका.

वजन वाढले तर दुसऱ्या पायरीपासून गणित पुन्हा करा.