चेंडू आणि रोजमेळ

मागच्या पाठात आपण बँकेचे पासबुक वाचायला शिकलो. जमा कुठे लिहितात, काढलेली रक्कम कुठे लिहितात, ते पाहिले. आज बँकेच्या खिडकीपलीकडे बसलेल्या एका माणसाची हकिकत वाचू. तो साधा कारकून नव्हता. अमेरिकेत नाव गाजलेला खेळाडू होता.

त्याचे नाव डेव्ह बिंग. १९४३ साली अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात, एका काळ्या वर्णाच्या कुटुंबात तो जन्मला. बाप गवंडी. आई लोकांच्या घरी कामाला जाई. डेव्ह पाच वर्षांचा असताना त्याने दोन काठ्या खिळ्याने जोडून खेळायला घोडा केला. धावता धावता तो पडला आणि खिळा डाव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला, पण त्या डोळ्याला पुढे धूसरच दिसे.

असा मुलगा बास्केटबॉल खेळू लागला. या खेळात दहा फूट उंचीवर लोखंडी कडे बसवलेले असते. त्यात चेंडू टाकायचा. आता बघा, ज्याची एक नजर अधू, त्याने नेमाचा खेळ निवडला! आणि त्यातच तो पुढे आला.

१९६२ साली तो सिराक्यूज विद्यापीठात गेला. अमेरिकेतल्या कॉलेजांत एक चाल आहे. चांगल्या खेळाडूला कॉलेज म्हणते, "तू आमच्या संघातून खेळ. तुझी फी, राहणं, जेवण आम्ही बघू." हिला शिष्यवृत्ती म्हणतात. पण तिला एक अट असते. खेळाडूने अभ्यासातही पास व्हायला हवे. नाहीतर संघाबाहेर.

बिंगने विषय घेतला अर्थशास्त्र. नाव ऐकून घाबरू नका. बाजारात कांदा फार आला की भाव का पडतो? कर्जावर व्याज का लागते? कारखाना कोणाच्या पैशावर उभा राहतो? याचे शास्त्र ते अर्थशास्त्र. आठवडेबाजारात भाजी विकणाऱ्या बाईला त्यातले पुष्कळ आधीच ठाऊक असते, असे आम्हाला वाटते. कॉलेजात ते आकडे मांडून शिकवतात.

१९६६ साली तो पदवीधर झाला. त्याच वर्षी डेट्रॉईट शहराच्या धंदेवाईक संघाने त्याला घेतले. डेट्रॉईट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. पगार वर्षाला सुमारे १५ हजार डॉलर. पुढच्याच हंगामात त्याने त्या स्पर्धेत सर्वांत जास्त गुण केले. लोक त्याला रस्त्यात ओळखू लागले.

याच सुरुवातीच्या काळात तो घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेला. बँक म्हणाली, नाही.

कर्ज देताना बँक काय बघते? कमाई किती, ती किती वर्षे टिकेल, तारण काय आहे. खेळाडूची कमाई त्याच्या हातापायांवर. पाय मोडला की कमाई थांबली. शिवाय त्या काळी काळ्या माणसाला घरासाठी कर्ज देताना तिकडच्या बँका सर्रास हात आखडत. घराच्या बाबतीत असा भेद करू नये, असा कायदा तिथे १९६८ साली झाला.

दुसरा कोणी असता तर चार शिव्या घालून घरी बसला असता. आम्हीही कदाचित तेच केले असते. बिंगने बँकेतच काम धरले! बास्केटबॉलचा हंगाम तिकडे हिवाळ्यात असतो. उन्हाळ्यात सुट्टी. त्या सुट्टीत तो 'नॅशनल बँक ऑफ डेट्रॉईट'मध्ये जाऊ लागला. पहिल्यांदा खिडकीवर बसून लोकांचे पैसे घेणे-देणे शिकला. मग बँकेतली वरची कामे शिकला. एक-दोन नव्हे, कितीतरी उन्हाळे त्याने असे काढले.

खिडकीवरचे काम सोपे दिसते, पण तसे नाही. समजा, सकाळी पेटीत ५,००० होते. दिवसभरात ३,२०० जमा झाले. ४,७०० लोकांना दिले. संध्याकाळी पेटीत किती हवेत? पाटीवर मांडून बघा. ३,५०० हवेत. एक रुपया कमी भरला तरी सगळा हिशेब पुन्हा तपासायचा. हजारो लोक ज्याच्या नावाने टाळ्या वाजवतात, त्याने असे नोटा मोजत बसायचे! पण कर्जाचा अर्ज आला की बँक तो कसा पारखते, हे आता त्याला आतून दिसू लागले.

१९७१ साली एका सामन्यात दुसऱ्या खेळाडूचे बोट त्याच्या उजव्या डोळ्यात गेले. हाच त्याचा चांगला डोळा. आतला पडदा सुटला, शस्त्रक्रिया झाली. खेळ संपलाच, असे वाटले. पण काही महिन्यांनी तो पुन्हा मैदानात उतरला आणि १९७८ सालापर्यंत खेळला.

खेळ सोडल्यावर दोन वर्षे तो एका पोलादाच्या कंपनीत उमेदवारी करीत होता. मग १९८० साली त्याने स्वतःची पोलादाची कंपनी काढली. साठवलेले ८० हजार डॉलर घातले. अडीच लाख डॉलर कर्ज काढले. हो, आता त्याला कर्ज मिळाले. कामाला माणसे चार.

सहा महिन्यांत सगळे पैसे बुडाले.

इथे त्याने हिशेब पुन्हा मांडला. स्वतः माल तयार करण्यात खर्च फार होता. तेव्हा ते सोडले आणि मधल्या व्यापाऱ्याचे काम धरले. म्हणजे पोलाद विकत घ्यायचे आणि मोटारींच्या कारखान्यांना पुरवायचे. जनरल मोटर्स ही मोठी कंपनी गिऱ्हाईक मिळाली. दुसऱ्या वर्षी नफा झाला.

२००९ साली हाच बिंग डेट्रॉईटचा महापौर झाला. तोवर कारखाने बंद पडून शहर कर्जात बुडत चालले होते. २०१३ साली त्या शहराचे दिवाळे निघाले. शहराचे दिवाळे म्हणजे काय, आणि देणेकऱ्यांचे पुढे काय होते, ते पुढच्या पाठात वाचू.